सम-विषम संख्या अन् त्यांचे अंक: लेकरं, पालक आणि भरतीवाली पोरं सारखं विचारतात ते प्रश्न

मी परभणीत संध्याकाळी शिकवण्या घेतो. पाचवीच्या स्कॉलरशिपवाल्या लेकरापासून पोलीस भरतीच्या पोरांपर्यंत सगळे एकाच पत्र्याच्या हॉलमध्ये बसतात, आणि गंमत म्हणजे दोघंबी प्रश्न तेच विचारतात. दर वर्षी तेच सांगून घसा बसायलाय म्हणून एकदाचं लिहून काढलं. जसं सुचलं तसं आहे, क्रमाचं काही विचारू नका.

सम म्हणजे काय अन् विषम म्हणजे काय, एका ओळीत सांगा की

मूठभर चिंचोके घ्या, दोन-दोनच्या जोड्या लावा, एकही उरला नाही तर सम, एक उरला तर विषम. झालं. पुस्तकात "२ ने निःशेष भाग जाणारी संख्या" असं लिहिलेलं असतं ते हेच. आपल्या आज्या एकी-बेकी खेळायच्या, मुठीत चिंचोके धरून "एकी का बेकी?" विचारायचं, त्यातली एकी म्हणजे विषम आणि बेकी म्हणजे सम, बे एके बे मधलं तेच बे. ज्या लेकराला सम-विषम हे शब्द अवघड जातात त्याच्यासोबत पहिले आठ दिवस एकी-बेकीच खेळा, मी तेच करतो.

अंक आणि संख्या एकच ना?

नाही. अंक दहाच आहेत, ० ते ९. संख्या मोजून संपणार नाहीत. अक्षरं आणि शब्द यांच्यात जे नातं तेच इथं. ४८ ही संख्या, तिच्यात ४ आणि ८ हे दोन अंक. ७ हा अंकही आहे आणि एक अंकी संख्याही, जसं "ये" हे एकच अक्षर आहे पण शब्दही आहे. हा फरक नीट बसला नाही तर पुढं "५६ मध्ये विषम अंक आहे म्हणून ५६ विषम" असली उत्तरं येतात, आणि येतातच, चौथीतली निम्मी लेकरं एकदा तरी हे म्हणून दाखवतात.

संख्या एवढी मोठी असली तरी फक्त शेवटचाच अंक बघायचा, हे कसं काय? बाकीच्या अंकांचं काय होतं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि हा विचारणारं लेकरू मला लई आवडतं, कारण नियम सगळ्यांनाच पाठ असतो, एकक स्थानी ०, २, ४, ६, ८ असेल तर सम आणि १, ३, ५, ७, ९ असेल तर विषम, पण का म्हणून कोणी विचारत नाही.

असं समजा की दोन भावांत ७,३४८ रुपये वाटायचेत. हजाराच्या जागी ७ आहेत, म्हणजे सात हजार. आता सात हा आकडा विषम दिसतो पण वाटायचेत ते सात हजार, आणि एक हजार म्हणजे पाचशे-पाचशे, प्रत्येक हजार दोघांत बरोबर मोडतो. शंभरचंही तसंच, पन्नास-पन्नास. दहाचंही तसंच, पाच-पाच. म्हणजे दशकाच्या जागेपासून डावीकडं जेवढं म्हणून आहे ते सगळं मोड करून दोघांत सारखं वाटून होतंच, तिथं कुठलाही अंक असो, भांडण होऊच शकत नाही. भांडण होईल तर फक्त सुट्ट्या रुपयांवर. इथं सुट्टे ८, चार-चार झाले, विषय संपला. ७,३४९ असते तर एक रुपया उरला असता.

शाळेत दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत शिकवतात ना, ते प्रकरण नेमकं इथं कामाला येतं. ७ ची दर्शनी किंमत ७, विषम. पण त्याची स्थानिक किंमत ७०००, ती सम. एककाच्या जागेवर मात्र दर्शनी आणि स्थानिक किंमत एकच असते, त्यामुळं तिथं लपायला जागा नाही.

ह्याच हिशोबानं ४ ची कसोटी शेवटचे दोन अंक बघते, कारण १०० ला ४ ने भाग जातो पण १० ला जात नाही. ८ साठी शेवटचे तीन, कारण १००० ला ८ ने भाग जातो. हे एकदा कळलं की कसोट्या पाठ करायची गरजच राहत नाही.

मग ३ आणि ९ साठी सगळे अंक का मिळवायचे?

कारण १० ला ३ ने किंवा ९ ने वाटलं की दर वेळी १ उरतो. १०० ला पण १, १००० ला पण १. म्हणजे ७,३४८ मधले सात हजार वाटून ७ उरले, तीनशे वाटून ३ उरले, चाळीस वाटून ४ आणि सुट्टे ८. सगळे उरलेले गोळा केले तर ७+३+४+८ = २२, म्हणून अंकांची बेरीज. २२ ला ३ ने भाग जात नाही तर ७,३४८ लाही जात नाही.

माझं लेकरू "बाहत्तर" सांगितलं की २७ लिहितं. त्याचं डोकं कमी आहे का?

अजिबात नाही, उलट ते लेकरू नीट ऐकायलंय. ह्याच्यावर जरा बसून बोलू.

मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. बा-हत्तर, म्हणजे दोन आणि सत्तर. लेकराच्या कानावर आधी दोन पडतो, म्हणून ते आधी २ लिहितं, मग ७. कानानं ऐकलं ते हातानं उतरवलं, चूक कुठाय? देगलूर-बिलोलीकडं तेलुगू कानावर पडतं, तिथं बाहत्तरला डेब्बय रेंडू म्हणतात, सत्तर दोन. उदगीर-निलंग्याकडं कन्नड येणारी माणसं आहेत, तीही दशक आधी बोलतात. त्या भागातल्या दोन भाषा बोलणाऱ्या लेकरांचा गोंधळ मी बघितलाय, घरी एक क्रम आणि शाळेत दुसरा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की ही जोडाक्षरं लहान लेकरांना जड जातात आणि बोलायचा क्रम अन् लिहायचा क्रम उलटा पडतो. लोकांनी मीम केले, पण पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या माणसाला त्यातली अडचण माहीत आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर जुने शब्द जाऊ नयेत, पण शिकवताना दोन्ही सांगावेत, "बाहत्तर म्हणजे सत्तर आणि दोन".

आता ह्याचा सम-विषमशी काय संबंध? लई आहे. २७ विषम आणि ७२ सम, अंक तेच दोन, जागा बदलली की जात बदलली. आणि दुसरी गोष्ट, आपल्या भाषेत एकक आधी येतो म्हणून संख्येचा पहिला तुकडा ऐकला की सम का विषम ते कळून जातं, संख्या पूर्ण व्हायच्या आधीच! चौऱ्या... म्हटलं की सम, पुढं हत्तर येवो नाहीतर ऐंशी. त्र्या... म्हटलं की विषम. एक, ते-त्रे-त्र्या, पंच-पस-पास, सत-सद ही सगळी विषमवाली. बा-बे-ब्या, चौ, अड-अठ ही समवाली. सहाचं मात्र बेणं भलतंच आहे, सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, दर वेळी नवा वेष, ते ऐकून ऐकूनच बसतं. नऊवाल्यांत एकोणतीस, एकोणचाळीस हे "तीसला एक कमी" असे आलेत, पण एक-नं सुरू होतात आणि विषमच निघतात, म्हणजे तिथंही काम चालतं.

फसवणारे शब्द चार: तीस, पन्नास, सत्तर, नव्वद. सुरुवातीला तीन, पाच, सात, नऊचा आवाज येतो पण हे पूर्ण दशक आहेत, शेवटी शून्य, म्हणून सम. सतरा आणि सत्तर हे तर लेकरांचे कायमचे वैरी. क्लासमध्ये मी हा खेळ घेतो, मी संख्येचा पहिला तुकडा बोलून थांबतो आणि लेकरांनी एकी का बेकी ओरडायचं, दहा मिनिटांत हॉल डोक्यावर घेतात.

शंभरच्या वर अजून मजा आहे. एकशे बाहत्तर: आधी शतक, मग एकक, मग दशक. १ लिहायचा, एक जागा सोडायची, २ लिहायचा, मग मागं येऊन ७. काही लेकरं खरंच असं लिहितात, मी कधी रागावत नाही.

शून्य सम का विषम?

सम. दोन भावांत शून्य रुपये वाटा, दोघांना शून्य-शून्य, उरलं काही नाही. शिवाय ओळीत बघा, ४, २, मग ०, दोन-दोन पावलं मागं. त्याच्या दोन्ही बाजूला १ आणि -१, दोघंही विषम. "शून्य कशातच नाही" म्हणणारे मोठे लोक मला भेटलेत, त्यातले एक गणित शिकवतात.

उणे संख्या, अपूर्णांक, दशांश?

उणे चालतात: -४ सम, -७ विषम. अपूर्णांक आणि २.४ सारख्या संख्या दोन्हीतही नाहीत, २.४ च्या शेवटी ४ दिसतो म्हणून ती सम होत नाही. हा विषय पूर्णांकांचाच आहे.

गाडीचा नंबर सम का विषम कसा ठरवायचा? एमएच २४ आहे म्हणजे सम का?

एमएच २४ हे लातूरचं आरटीओ पासिंग झालं, त्याचा इथं संबंध नाही. दिल्लीत १ जानेवारी २०१६ पासून पहिल्यांदा पंधरा दिवस सम-विषम केलं तेव्हा नंबर प्लेटचा एकदम शेवटचा अंक धरला होता, सम तारखेला सम गाड्या आणि विषमला विषम, आणि ज्यांच्या शेवटी शून्य त्या समवाल्यांत. पासिंगच बघायचं असतं तर संभाजीनगरचे २०, परभणीचे २२, लातूरचे २४, नांदेडचे २६ आणि हिंगोलीचे ३८ एका दिवशी आणि जालना २१, बीड २३, धाराशिव २५ दुसऱ्या दिवशी. बीडवाल्यांनी ऐकलं असतं काय?

सम अधिक विषम किती, विषम गुणिले विषम किती, हे पाठच होत नाही

पाठ करू नका. उरलेला चिंचोका डोळ्यासमोर आणा. दोन विषम एकत्र आले की दोघांचे उरलेले दोन चिंचोके एकमेकांची जोडी होतात, म्हणून विषम + विषम = सम. एकच विषम असेल तर त्याचा उरलेला तसाच राहतो, म्हणून सम + विषम = विषम. वजाबाकीलाही हेच.

वेरूळच्या लेण्या घ्या. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. म्हणजे १२, १७ आणि ५. एक सम, दोन विषम, बेरीज सम यायलाच पाहिजे, आणि येतेच, ३४. (कैलास लेणं १६ नंबरचं, विचारतात म्हणून सांगून ठेवतो.)

अजून एक, एक मिळवला की दर वेळी पलटी होते. मराठवाड्यात आधी पाच जिल्हे होते, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, परभणी, नांदेड. १ मे १९८१ ला जालना झाला, सहा. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर, सात. १ मे १९९९ ला आमच्या परभणीतून हिंगोली गेला, आठ. विषम, सम, विषम, सम. उद्या अंबाजोगाई झालाच जिल्हा तर परत विषम, ते कधी होईल ते राजकारणावर सोडू.

गुणाकारात एकच सम असला तरी तो सगळ्यांना सम करतो. गुणाकार विषम यायचा असेल तर सगळेच्या सगळे विषम पाहिजेत. म्हणून ७ चा कितवाही घात घ्या, शेवटी ७, ९, ३, १ हेच अंक फिरत राहतात, सगळे विषम. आणि २ च्या घातांत २, ४, ८, ६. भरतीला "७ च्या १०० व्या घाताचा एकक अंक" असा प्रश्न आला तर १०० ला ४ ने भागा, पूर्ण भाग गेला, म्हणून चक्रातला चौथा, १.

क्रिकेटचं उदाहरण द्या, पोरं ऐकत नाहीत

पळून काढलेले रन विषम झाले की स्ट्राइक बदलते, सम झाले की तोच बॅट्समन. ओव्हर संपली की टोक बदलतं, म्हणजे अजून एक पलटी. म्हणून शेवटच्या बॉलवर एक रन काढला की दोन पलट्या झाल्या आणि तोच परत स्ट्राइकवर, धोनी शेपटाला घेऊन खेळायचा तेव्हा पाचव्या बॉलपर्यंत सिंगल का नाकारायचा ते आता सांगायची गरज नाही.

नळाला दिवसाआड पाणी येतं, मग सम तारीख-विषम तारीख लक्षात ठेवली तर चालेल ना?

महिनाभर चालेल. पुढच्या महिन्यात पस्तावाल, आमच्या गल्लीत एकदा तसंच झालं, बायका भांडी घेऊन बसल्या आणि पाणी आदल्या दिवशी येऊन गेलेलं.

कारण असं, ३१ नंतर १ येते, दोन विषम तारखा लागोपाठ. दिवसाआड म्हणजे दोन दिवस पुढं. २९ ला आलं, ३१ ला आलं, पुढचं १ ला येत नाही, २ ला येतं. म्हणजे ३१ चा महिना संपला की विषमवाले समवर जातात. ३० चा महिना असेल तर पलटी नाही, २८ च्या फेब्रुवारीतही नाही, २९ च्या फेब्रुवारीत मात्र होते. दर आठव्या दिवशी पाणी येत असेल तरी हाच नियम, कारण ८ सम आहे. दर पाचव्या दिवशी येत असेल तर महिन्याच्या आत दर वेळीच तारखेची जात बदलणार, मग कॅलेंडरवर गोल करून ठेवा, दुसरा उपाय नाही.

ह्यावरून एक प्रश्न मी पोरांना घालतो: साध्या वर्षात विषम तारखा किती आणि सम किती? बरेच जण निम्म्या-निम्म्या म्हणतात, पण ३६५ विषम आहे तर निम्म्या होतील कशा! ३१ चे सात महिने, प्रत्येकात १६ विषम, ११२. ३० चे चार, ६०. फेब्रुवारीच्या १४. एकूण १८६ विषम आणि १७९ सम. सम-विषम पार्किंगवाल्या रस्त्यावर राहत असाल तर कुठल्या बाजूचं घर घ्यायचं ते ठरवा.

संख्येच्या अंकांची बेरीज सम आली म्हणजे संख्या सम का?

नाही. १३ च्या अंकांची बेरीज ४, पण १३ विषम. १२ ची बेरीज ३, पण १२ सम. बेरजेवरून फक्त एवढंच कळतं की संख्येत विषम अंक किती आहेत, सम संख्येनं आहेत का विषम.

अंक उलटे झाले तर काही खूण राहते का?

राहते, आणि ही खूण मोंढ्यातले जुने मुनीम वापरतात. ७२ च्या जागी २७ पडले तर फरक ४५. ९१ च्या जागी १९ पडले तर ७२. ६५ आणि ५६, फरक ९. दर वेळी ९ च्या पाढ्यात. कारण ७२ म्हणजे दहा वेळा सात अधिक दोन, २७ म्हणजे दहा वेळा दोन अधिक सात, वजा केलं की नऊ वेळा सात वजा नऊ वेळा दोन, म्हणजे ९ × ५.

माझ्या चुलत्यांच्या सोयाबीनच्या पट्टीत एका आडतीवर असंच झालं. बेरीज ५४० रुपयांनी जुळेना. काकांनी कागदावर ९ ने भागलं, पूर्ण भाग गेला, म्हणाले कुठंतरी दोन आकडे उलटे पडलेत, आणि निघालंच, ८२० च्या जागी २८० लिहिलेलं. मुनीम चहा पाजून मोकळे झाले. ९ ने भाग गेला म्हणजे नक्की अंकच उलटलेत असं नाही बरं का, पण आधी तिथं शोधा.

संख्या आणि तिची उलटी मिळवली तर दोन अंकी संख्येत ११ चा पाढा येतो, ७२+२७ = ९९. तेही करून बघा.

ते ६१७४ चं काय असतं?

हे कापरेकरांचं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते, मोठ्या विद्यापीठाची खुर्ची नाही काही नाही, नुसते अंकांशी खेळत बसायचे आणि आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून त्यांचं नाव घेतात. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकसारखे नसावेत एवढंच. अंक मोठ्याकडून लहानाकडं लावा, मग लहानाकडून मोठ्याकडं लावा, वजा करा, परत तेच. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो आणि मग तिथंच थांबतो.

मुक्तिसंग्रामाचं वर्ष घेऊ, १९४८. ९८४१ - १४८९ = ८३५२. परत, ८५३२ - २३५८ = ६१७४. दोनच पायऱ्या! ६१७४ सम आहे आणि ९ च्या पाढ्यातही आहे, आणि ९ का ते वरच्या उत्तरात आलंय. तीन अंकांना हाच खेळ केला तर ४९५ वर येऊन थांबतो, तो विषम.

१ ते १०० मध्ये कुठला अंक किती वेळा येतो, दर परीक्षेला विचारतात

२ ते ९ प्रत्येक अंक २० वेळा, १ हा २१ वेळा (शंभरमधला एक जादा), ० हा ११ वेळा. एकूण १९२ अंक लिहावे लागतात. पडताळा: एक अंकी ९, दोन अंकी ९० × २ = १८०, शंभरचे ३.

१ ते १०० मध्ये सम ५० आणि विषम ५०. प्रश्नात "० ते १००" असेल तर सम ५१, इथं पोरांचा मार्क जातो. समांची बेरीज २५५०, विषमांची २५००, मिळून ५०५०.

अजून एक फसवा प्रकार. दोन्ही अंक विषम अशा दोन अंकी संख्या किती? ५ × ५ = २५. दोन्ही अंक सम अशा किती? इथंही २५ लिहून येतात, पण दशकाच्या जागी शून्य चालत नाही, म्हणून ४ × ५ = २०. तीन अंकी असेल तर १२५ आणि १००.

तीन क्रमवार विषम संख्यांची बेरीज दिली असते, त्याची ट्रिक काय

ट्रिक म्हणू नका, मधली संख्या म्हणजे सरासरी. बेरीज ८७, भागिले ३, मधली २९, मग २७, २९, ३१. चार क्रमवार सम संख्यांची बेरीज ८४ असेल तर सरासरी २१, ती स्वतः विषम आहे, त्याच्या दोन्ही बाजूच्या सम घ्या, १८, २०, २२, २४. आणि "तीन विषम संख्यांची बेरीज १००" असं कुठं दिसलं तर वेळ घालवू नका, तीन विषम मिळून विषमच होणार, असा प्रश्नच चुकीचा.

१+३+५+७ केलं की वर्ग येतो म्हणतात

येतो. १, मग ४, मग ९, मग १६. चिंचोक्यांचा चौकोन मांडा, त्याच्या दोन बाजूंना कडेनं एक-एक ओळ लावली आणि कोपऱ्यात एक ठेवला की पुढचा चौकोन होतो, आणि लावलेले चिंचोके दर वेळी विषमच लागतात, कारण दोन सारख्या ओळी अधिक कोपऱ्यातला एक. घरी आईला विचारा, ठिपक्यांची रांगोळी १, ३, ५, ७, ५, ३, १ अशी काढली तर ठिपके किती? २५. वरचा भाग १६, खालचा ९.

आहेर ५१, १०१, ५०१ असाच का देतात?

वरचा एक रुपया शकुनाचा, मागं बाकी राहावी, व्यवहार पूर्ण तुटू नये असं म्हातारी माणसं सांगतात. गणितानं बघितलं तर विषम म्हणजे दोघांत वाटताच येत नाही. तिघांत मात्र येतो, ५१ ला ३ ने भाग जातो, ५०१ लाही. १०१ मूळ संख्या आहे, कुणातच वाटता येत नाही, पाकीट न फोडता ठेवून द्या.

कॉम्प्युटरला कसं कळतं?

तो सगळं ० आणि १ मध्येच लिहितो, शेवटचा बिट ० असेल तर सम, १ असेल तर विषम. इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एक सूचना: सी आणि जावामध्ये -३ ला २ ने मॉड केलं की उत्तर -१ येतं, १ नाही, त्यामुळं "बाकी १ आली तर विषम" असं लिहिलेला कोड उणे संख्येवर गंडतो. "बाकी ० नसेल तर विषम" असं लिहा.

सम मूळ संख्या एकच का?

कारण २ सोडून प्रत्येक समला २ ने भाग जातोच, मग ती मूळ कशी राहील. पण सम आणि मूळ संख्यांचं एक प्रकरण अजून सुटलेलं नाही. १७४२ मध्ये गोल्डबाख नावाच्या गणितज्ञानं ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्र लिहिलं, त्यातून आलेला हा अंदाज: २ पेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. १० = ३ + ७, ३४ = ३ + ३१, १०० = ३ + ९७. कॉम्प्युटरनं प्रचंड मोठ्या आकड्यांपर्यंत तपासलं, एकही संख्या चुकीची निघाली नाही, पण सगळ्यांसाठी खरं आहे हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. पाचवीच्या लेकराला प्रश्न कळतो आणि उत्तर जगात कुणाकडंच नाही.

शेवटचा, पोरगं म्हणतंय वहीची पाचच पानं फाडली आणि त्यावरच्या नंबरांची बेरीज बरोबर शंभर आली. खरं का?

खोटं. नंबर छापलेल्या वहीत एका कागदाच्या पुढं विषम आणि मागं सम असतो, १-२, ३-४, ५-६ असं. एका कागदावरची बेरीज म्हणून विषम. पाच विषम मिळून विषम, १०० येणारच नाही. एक तर पाच नाही, चारच फाडलीत नाहीतर बेरीज चुकली, दप्तर उलटं करून बघा.